पगाराचा आकडा नंतर, तारीख आधी: पायलटच्या मुलाखतीला जाण्यापूर्वी

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला दादाच्या मुलाचा फोन. "आत्या, कॉल आला! पुढच्या गुरुवारी गुरुग्रामला इंटरव्ह्यू." मागून वहिनीचा आवाज, "पगार किती सांगितलाय ते सांग की आत्याला." त्यानं आकडा सांगितला. कराडच्या घरात त्या रात्री कुणाला झोप लागली नसणार. मी विचारलं, "पगार कितव्या तारखेला होतो तिथं?"

त्याला माहीत नव्हतं. मलाही त्याच्या वयात माहीत नव्हतं.

मी आज ए३२० या जेट विमानावर कॅप्टन आहे, पण सुरुवात एटीआर या लहान, पंख्याच्या विमानावर झाली, ती एका अशा कंपनीत जी आता उरलेली नाही. बारामतीला उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण करून सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स घेतलं तेव्हा मंदी होती. बाबांनी जमिनीवर कर्ज काढलेलं, हप्ता सुरू झालेला आणि मी घरी बसून आईला भाज्या निवडून देत होते. त्यामुळे ऑफर लेटर आलं तेव्हा आकडा वाचला आणि सही केली. पुढची कथा माझ्या बँकेच्या मेसेजांत आहे. पहिल्या वर्षी पगार एक तारखेला. मग सातला. मग अकराला, मग एकोणीसला. मग अर्धा आत्ता, अर्धा पंधरा दिवसांनी. शेवटचे चार महिने आलेच नाहीत. विमानं मात्र उडत होती आणि आम्ही रोज गणवेशाला इस्त्री करून पिकअपची वाट बघत होतो.

तेव्हापासून मी कंपनीच्या तारखा बघते. भाच्याकडून आठ दिवसांत जे करून घेतलं तेच इथं लिहिते. सिम (म्हणजे सिम्युलेटर) असेसमेंट आणि टेक्निकल प्रश्नांची तयारी करून घेणारे पुष्कळ आहेत, त्यात मी पडत नाही.

त्याआधी एक. मुलाखतीचं बोलावणं कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवरूनच आलेलं असलं पाहिजे. "सीट पक्की करतो, पाच लाख द्या" म्हणणारा माणूस भेटला तर फोन ठेवायचा. यावर जास्त लिहायची गरज नसावी, पण दर वर्षी कुणीतरी देतंच.

सुरुवात कंपनीच्या खऱ्या नावापासून करा. विमानावर रंगवलेलं नाव वेगळं आणि कायद्याच्या कागदावरचं वेगळं असतं. इंडिगो म्हणजे इंटरग्लोब एव्हिएशन लिमिटेड, आकासा म्हणजे एसएनव्ही एव्हिएशन प्रायव्हेट लिमिटेड. हे नाव मिळालं की ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायच्या पानावर टाका. लॉगिन लागत नाही. कोणत्या महिन्याच्या पगाराचा पीएफ कोणत्या तारखेला भरला आणि किती जणांचा, ते तिथं दिसतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. दोन वर्षांच्या तारखा वहीत उतरवून काढा. सगळ्या बारा-तेरा-चौदाच्या असतील तर ठीक. पंधरा, मग बावीस, मग पुढच्या महिन्याची चार अशा सरकत गेल्या असतील तर ते चित्र मी जवळून पाहिलंय. माणसांची संख्या घटतेय का तेही त्याच पानावर कळतं. काही कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो, त्यांचं हे असं कळत नाही. एकाच कंपनीचे दोन-तीन कोड असू शकतात, म्हणून एका कोडवरून निकाल लावू नका.

ताळेबंद वाचायला सीए असावं लागत नाही. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी दर तिमाहीला निकाल जाहीर करते. खासगी कंपनीचे हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून बघता येतात. नफा-तोटा सोडून द्या, विमान कंपन्या तोट्यातही वर्षानुवर्षं चालतात. सरळ ऑडिटरच्या अहवालावर जा आणि 'गोइंग कन्सर्न' हे शब्द शोधा. ही कंपनी पुढं चालू राहील याबद्दल मोठी अनिश्चितता आहे असं ऑडिटर लिहीत असेल, तर तो आपल्यापेक्षा जास्त कागद बघून लिहीत असतो. नंतर डीजीसीए या विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर विमानांची नोंदणी रद्द करण्याचे अर्ज बघा. भाडं थकलं की विमानाचा मालक आपलं विमान परत न्यायला असा अर्ज करतो. त्या यादीत तुमच्या कंपनीची विमानं एकामागून एक दिसायला लागली की समजायचं.

आता विमानं मोजा. मुलाखतीच्या आधी सगळे ऑर्डरचे आकडे पाठ करतात. इंडिगोनं जून २०२३ मध्ये पॅरिसला ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं त्याच वर्षी ४७० ची. पॅनेलसमोर बोलायला हे बरं आहे. पण ऑर्डर दिलेलं विमान तुमच्या लॉगबुकात एक तासही भरत नाही. आज किती उडतायत ते बघायचं. विमानं नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडारवर कंपनीचा ताफा उघडला की व्हीटीनं सुरू होणारे सगळे नोंदणी क्रमांक येतात आणि प्रत्येकाचा आठवडाभराचा इतिहास फुकटात दिसतो. भाच्यानं दोन संध्याकाळी बसून हे केलं. एक-दोन विमानं आठवडाभर जमिनीवर असणं नेहमीचं आहे, हँगरमध्ये मोठी तपासणी चालू असते. चारातलं एक विमान बसलेलं दिसलं तर मात्र विचारायचं का. गो फर्स्टनं २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे तिची निम्मी विमानं प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे जमिनीवर होती. निम्म्या विमानांत निम्म्याच पायलटांना काम. नवीन फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, नंबर त्यात कधी लागणार?

यानंतरची गोष्ट करायला लोक कंटाळतात आणि मला ती सगळ्यात आवडते. त्या कंपनीचं तिकीट काढा आणि बसा. पुणे-दिल्ली, स्वस्तातलं, खिडकीजवळचं, पंखाच्या पुढं. विमान स्टँडवर लागलं की बाहेर बघत राहा. माझ्या जुन्या कंपनीच्या शेवटच्या वर्षात इंधनाचा बाउझर पंखाखाली येऊन उभा राहायचा, पण पाइप जोडायचा नाही. स्टेशन मॅनेजर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालायचा. मुंबईहून पैसे भरल्याचा निरोप आला की पाइप जोडला जायचा. उधारी बंद झाली होती. प्रवाशांना आम्ही एटीसीचं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचं, कारण सांगायचो. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या वहीत, पुढं ढकललेल्या बिघाडांची यादी लांबत गेली, कारण सुटा भाग विकत घ्यायचा तर पैसे नव्हते. शेजारच्या बसलेल्या विमानातून काढून आमच्यात लावायचे. टेक लॉग तुम्हाला प्रवासी म्हणून कुणी दाखवणार नाही. पण फाटलेलं सीट कव्हर, चिकटपट्टी लावलेला ट्रे, तीन सीट ओळीनं 'वापरू नये' लिहिलेल्या, एवढं दिसतंच. उतरताना दारात फर्स्ट ऑफिसर भेटला तर "सर, गुरुवारी इंटरव्ह्यू आहे" एवढं म्हणा. आमच्यातले बहुतेक दोन मिनिटं थांबतात.

मग फोन. तुमच्या फ्लाइंग स्कूलचा कुणी ना कुणी प्रत्येक कंपनीत असतो. बारामती, गोंदिया, शिरपूर, धुळे, कुठलंही असू दे. त्याला "कंपनी कशी आहे?" असं विचारू नका. पायलटाला असं विचारलं की तो तासभर कुरकुर करतो, चांगल्या कंपनीतलाही. तारखा विचारा. गेल्या सहा महिन्यांत पगार कधी पडला? आयकराच्या पोर्टलवर टीडीएस दिसतोय का? तू जॉइन कधी झालास, सिम कधी मिळालं, लाइन रिलीज कधी झालास? तुझ्या बॅचचे किती जण अजून थांबलेत? सगळ्यात अलीकडे कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळालेल्या माणसाची जॉइनिंगची तारीख काय? या उत्तरांत कुरकुरीला जागा नसते.

यातला रिलीजचा प्रश्न नव्या मुलांना कळत नाही, म्हणून थोडं थांबते. जॉइन झालात म्हणजे उडायला लागलात असं नाही. ग्राउंड क्लास, मग सिम, मग परीक्षा, मग डीजीसीएकडून लायसन्सवर त्या विमानाची नोंद (एंडोर्समेंट), मग प्रशिक्षकाबरोबर प्रवासी विमानात उड्डाणं आणि शेवटी रिलीज. सगळं सरळ झालं तर काही महिन्यांत होतं. पण सिमचा स्लॉट नाही, प्रशिक्षक कमी आहेत, विमानं उशिरा येतायत, असं झालं की माणूस वर्षभरही लटकतो. या काळात पूर्ण पगार की स्टायपेंड? की काहीच नाही? ऑफर लेटरवरचा तो मोठा आकडा बहुतेक वेळा रिलीजनंतरचा असतो. दादाला मी हेच सांगितलं, हप्ता जॉइनिंगपासून फिटेल असं धरू नकोस.

रविवारी भाचा पुण्याला आला. त्याच्या एका सीनियरनं नाव खोडून आपलं महिन्याचं रोस्टर पाठवलं होतं. ते छापून जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि माझ्या मुलीच्या स्केचपेनांनी रंगवायला बसवलं. रात्री बारा ते सहामध्ये कुठंही शिरणारी ड्युटी लाल. स्टँडबाय, म्हणजे बोलावलं तर जायचं तो दिवस, पिवळा. दुसऱ्या गावी हॉटेलात झोपायची रात्र निळी. खरी सुट्टी हिरवी.

"आत्या, अकरा लाल झाले. हे नियमात बसतं?"

"बसतं. म्हणूनच रंगवायला लावलं."

नियम आता बरे झालेत. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आणि मध्यरात्रीनंतरच्या लँडिंगची संख्या जास्तीत जास्त दोन झाली. हे जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि डीजीसीएला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली, ते सगळ्या देशानं पाहिलं. माझं मत असं की पायलट पुरेसे ठेवणारी कंपनी नियमाच्या आत चालते आणि कमी ठेवणारी नियमाच्या कडेवर. एका विमानामागे किती सेट आहेत, म्हणजे कॅप्टन-फर्स्ट ऑफिसरच्या किती जोड्या, हे मुलाखतीत विचारायला हरकत नाही. आज किती आणि दोन वर्षांपूर्वी किती.

तेच रोस्टर पगाराच्या हिशेबाला लागतं. बहुतेक कंपन्या महिन्याला ठरावीक तासांचे पैसे हमखास देतात आणि वर उडालात तर तासाला वेगळे. ही हमी किती तासांची, हा खरा आकडा. समजा, एक कंपनी ७० तासांच्या हमीवर २,४०,००० देते. दुसरी ४० तासांच्या हमीवर १,५०,००० आणि पुढच्या प्रत्येक तासाला ३,०००. महिन्यात ७५ तास झाले तर दुसरीकडे २,५५,००० मिळतात आणि पोरं तोच आकडा फेसबुकावर टाकतात. ६२ तास झाले तर २,१६,०००. पावसाळ्यात विमान बसलं, तुमचं सिम आलं, आठ दिवस ताप आला आणि ३८ तासच झाले, तर १,५०,०००. पहिल्या कंपनीत या तिन्ही महिन्यांत किमान २,४०,००० आहेतच. वर्षाला हजार तासांची मर्यादा आहे, म्हणजे दर महिन्याला ९० तास धरून कुणी पगार सांगत असेल तर तो गणितात तरी कच्चा आहे. तास कसे मोजतात तेही विचारा. वेळापत्रकातले, की चॉक्स (चाकांना लावायचे ठोकळे) काढल्यापासून चॉक्स लावेपर्यंतचे खरे? दिल्लीला जानेवारीच्या धुक्यात टॅक्सीवेवर पाऊण तास उभं राहिलात की फरक कळतो. प्रवासी म्हणून बसवून दुसऱ्या गावी नेतात त्या डेडहेडचे पैसे पूर्ण, अर्धे की शून्य, हाही एक प्रश्न.

बेसबद्दल एवढंच म्हणेन की "कंपनी कुठेही पाठवू शकते" हे वाक्य प्रत्येक करारात असतं, तेव्हा त्यावर भांडू नका. गेल्या बॅचला प्रत्यक्षात कुठं पाठवलं ते विचारा. मुंबई बेस मिळाला तर कोणती मुंबई, तेही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडतायत. पनवेलला राहून सांताक्रूझचं रिपोर्टिंग पहाटे साडेचारला असेल तर तुम्ही अडीचला उठणार, आणि घरून विमानतळापर्यंतचा तो वेळ ड्युटीत धरत नाहीत. दिल्ली बेस घेऊन पुण्यात राहायचं आणि स्टाफ तिकिटावर ये-जा करायची, हे तरुणपणी सोपं वाटतं. दिवाळीत विमान भरलेलं असतं आणि स्टाफला जागा मिळत नाही. मी सलग तीन लक्ष्मीपूजनं हॉटेलात केलीत.

बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे भरायचे, असा करार. इथं मात्र एक तासाचे पैसे देऊन वकिलाकडून वाचून घ्या, गावातला ओळखीचा वकीलही चालेल. तीन गोष्टी त्याला दाखवा. बाँडची वर्षं कधीपासून मोजतात? जॉइनिंगपासून मोजली तर सिमची वाट बघण्यातले महिने तुमच्या बाजूनं जातात, रिलीजपासून मोजली तर तुमच्या विरुद्ध. वर्ष सरेल तशी रक्कम कमी होते का? पाचपैकी चार वर्षं काढून सोडलं तरी पूर्ण रक्कम, अशी कलमं मी पाहिलीत. आणि कंपनीच पगार देईनाशी झाली तर बाँड सुटतो, असं कुठं लिहिलंय का? करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बाँडात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, कोर्ट तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई देतं. पण कोरे चेक सही करून दिले असतील तर चेक न वटल्याची फौजदारी केस वेगळी चालते, आणि तिथं घरचे घाबरतात. वडिलांना जामीनदार करायला सांगत असतील तर घरी बसून शांतपणे ठरवा. मूळ लायसन्स आणि मार्कशीट कुणाच्या कपाटात ठेवू नका, प्रत द्या.

बाँडशिवाय नोटीस असतेच. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष. म्हणजे कंपनी बुडताना दिसली तरी उडी लगेच मारता येत नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. सुप्रीम कोर्टानं तिच्या लिक्विडेशनचा आदेश दिला तो ७ नोव्हेंबर २०२४ ला. थकलेल्या पगाराची रांग किती लांब असते ते या दोन तारखांत दिसतं.

मुलींसाठी वेगळं लिहिते, कारण मुलाखतीत हे विचारायची आपल्याला भीती वाटते आणि कुणी आपणहून सांगत नाही. गरोदर असल्याचं कळलं की पायलटच्या वर्ग १ वैद्यकीय तपासणीत आपण तात्पुरत्या अनफिट ठरतो, म्हणजे त्या दिवसापासून उडणं बंद. कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण आधीचे सगळे महिने त्यात बसत नाहीत. त्या काळात ऑफिसचं काम देतात का, आणि पगार पूर्ण की उड्डाण भत्ता वजा करून? भत्ता गेला तर हातात येणारा आकडा ओळखू येत नाही. पॅनेलला विचारू नका, कंपनीतल्या दोन बायकांना विचारा. परत आल्यावर किती दिवसांत सिम मिळालं, तेही.

कंपनी लहान की मोठी, यावर भाच्याशी माझं भांडण झालं. त्याला मोठीच हवी. मी म्हटलं, गोव्याची फ्लाय९१ किंवा कोल्हापूरच्या घोडावतांची स्टार एअर यांना नाक मुरडू नकोस. लहान ठिकाणी माणसं नावानं ओळखतात आणि कमांड लवकर येऊ शकते. पण विमानाचा प्रकार लक्षात ठेव. ए३२० चे तास घेऊन बाहेर पडलास तर देशात दोन मोठी दारं उघडी आहेत. स्टार एअरच्या एम्ब्राएरचे घेऊन पडलास तर दारं थोडी. म्हणजे लहान कंपनीत जाताना ती टिकेल का हे दुप्पट तपासायचं, एवढाच माझा मुद्दा. त्याला तो पटलेला नाही.

मुलाखतीच्या दिवशी शेवटी पॅनेल विचारतं, "तुम्हाला काही विचारायचंय?" इथं पगार काढू नये. एक प्रश्न ट्रेनिंगचा विचारावा: गेल्या बॅचला जॉइनिंगपासून रिलीजपर्यंत किती महिने लागले? प्रश्न साधा आहे आणि तुम्ही घरी अभ्यास केलाय हेही कळतं. उत्तर चटकन आलं तर बरं. "ते डिपेंड करतं" असं आलं, तर तुमच्या सीनियरनं फोनवर सांगितलेला आकडा धरून चला. जाण्याआधी डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरचं लॉगबुक आणि हातातलं लॉगबुक यांच्या बेरजा जुळवून घ्या. आमच्या भाचेसाहेबांच्यात एकोणीस मिनिटांचा फरक निघाला. कुठल्या पानावर ते शोधायला रात्रीचे दोन वाजले.

गुरुवारी संध्याकाळी गुरुग्रामहून फोन आला. त्यानं रिलीजचा प्रश्न विचारला, तेव्हा पॅनेलमधले कॅप्टन हसले म्हणे आणि एचआरच्या बाईंकडे बघून म्हणाले, "सांगा." बाईंनी लॅपटॉप उघडून बघितलं. साडेसात महिने. सीनियर म्हणाला होता आठ. बरं चाललंय.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. निकाल यायचाय, पण एक स्थळ आलंय, बायोडेटात पायलट असं आत्ताच लिहावं का? मी म्हटलं, रिलीजची तारीख येऊ दे, मग लिही.